पोरगा कोणाकडून खेळणार?

दिवाळी झाली की मंडया आणि धान घरात आले की कबड्डी, हा आमच्या भंडारा जिल्ह्याचा नेम. गावोगावी चुन्याच्या रेषा आखल्या जातात, बांबूंना दिवे लटकतात, लाऊडस्पीकरवाला घसा साफ करतो, आणि गावातला जो पोरगा एका चढाईत दोन-दोन गडी बाद करून येतो तो महिना-दोन महिने गावचा राजा होतो. लहान पोरे त्याच्यासारखे केस कापून घेतात. पानठेल्यावर त्याच्याकडून पैसे घेत नाहीत.

गेल्या डिसेंबरात आम्ही तुमसर तालुक्यातील आंबागडला गेलो होतो. आंबागड म्हटले की बाहेरच्या माणसाला सातपुड्याच्या पायथ्याचा किल्ला आठवतो. गोंड राजवटीतला तो किल्ला पुढे नागपूरकर भोसल्यांनी कैदखाना म्हणून वापरला. पण त्या संध्याकाळी किल्ल्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. पानठेल्यावर दहा-बारा माणसे जमली होती आणि एकच विषय चालू होता. गावातल्या एका पोरावरून वाद होता. पोरगा बारावीत. उजव्या बाजूने चढाई करतो, पाय लांब, दम भरपूर. शालेय स्पर्धेत विभागापर्यंत जाऊन आला. आता बारावी झाल्यावर तो कोठे जाणार?

त्याचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. अजून अठरा वर्षांचाही झालेला नाही, आणि नाव छापून आले की ठेल्यावरचा वाद तालुकाभर पसरेल.

"नागपूरलेच जाते पहा. मी आजच सांगून ठेवतो," एक मिस्त्री म्हणाले.

"काहून?"

"काहून म्हणजे? मागल्या आठवड्यात पांढऱ्या गाडीत कोण आले होते मग? कॉलेजचे सर होते ते."

"सर नव्हते. कंपनीचे होते. रीडिंग घ्यायले आले होते."

"अन् तो परवा निळी बनियान घालून हिंडत होता ते? निळी कोणाची असते?"

निळ्या बनियानवरून पंधरा मिनिटे गेली. एकाचे म्हणणे, तो रंग नागपूरच्या एका कॉलेजचा. दुसऱ्याचे म्हणणे, पुण्याच्या एका क्लबाचा. तिसरा म्हणाला, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची बनियान आहे ती, आम्ही सगळ्यांनीच घेतली होती, माझ्याही घरी आहे. यावर सगळे हसले, पण वाद थांबला नाही. एका शिक्षकाने शपथेवर सांगितले की पोरगा भंडाऱ्यातच राहणार, कारण त्याच्या मायला तो डोळ्यांआड नको आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी सांगितले की हे सारे फुकटचे, तो भरतीला धावणार. आम्ही ऐकत बसलो. थोड्या वेळाने ध्यानात आले की जो तो आपल्या मनातले सांगत होता. ज्याचा भाऊ नागपुरात आहे तो पोराला नागपूरला पाठवत होता, ज्याला पुढच्या वर्षीही गावच्या संघाचा कप हवा होता तो त्याला भंडाऱ्याबाहेर जाऊ देत नव्हता, आणि फौजी काका त्याला फौजेत घालत होते.

पोरगा स्वतः तेव्हा शंभर पावलांवर, विहारामागच्या मोकळ्या जागेत, लहान पोरांना घोट्याची पकड कशी सोडवायची ते दाखवत होता. त्याला कोणी विचारले नव्हते.

हे काही आपल्याच गावचे वेड नाही. अमेरिकेत या वेडाचा मोठा धंदा झाला आहे. तेथे फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे, समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचे, असा तो खेळ. कबड्डीच्या माणसाला लवकर कळेल असा. व्यावसायिक संघ आहेतच, पण लोकांचा जीव कॉलेजांच्या संघांवर. मिशिगन विद्यापीठाच्या एकट्या मैदानात एक लाख सात हजारांवर माणसे बसतात. एवढी माणसे ज्यांच्यावर डोळे लावून बसतात ते खेळाडू कोठून येतात? शाळांतून. सोळा-सतरा वर्षांची पोरे, आणि त्यांच्यामागे शंभर कॉलेजे. कोणता पोरगा किती चांगला हे ठरवून त्याला दोन, तीन, चार, पाच तारे देणाऱ्या कंपन्या आहेत. तो कोणत्या कॉलेजात जाईल याचे भाकीत करणारे पगारी लोक आहेत. पोरगा कोणत्या गावी पाहुणा गेला, कोणत्या प्रशिक्षकाबरोबर जेवला, आईने कोणत्या रंगाचा झगा घातला होता, यावर मोठी, शिकलेली, नोकरीतली माणसे रात्ररात्र वाद घालतात. आंबागडची निळी बनियान त्यांनी पाहिली असती तर तीही सोडली नसती.

शेवटी तो दिवस येतो. शाळेच्या सभागृहात टेबल मांडतात, टेबलावर तीन-चार कॉलेजांच्या टोप्या. पोराची आई एका बाजूला, प्रशिक्षक दुसऱ्या बाजूला. पोरगा हात पुढे करतो, एका टोपीवरून फिरवतो, दुसरी उचलतो आणि डोक्यावर घालतो. एका राज्यात फटाके, दुसऱ्या राज्यात सुतक. त्याआधी पोराने कितीदाही तोंडी शब्द दिलेला असो, तो शब्द बांधील नसतो. कागदावर सही झाली की खरे. 1964 पासून या सहीला एक ठराविक कागद होता. तो 2024 साली बंद झाला आणि आता कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावरच सही होते. आणि पैशाचे म्हणाल तर 2021 च्या जुलैपर्यंत या पोरांना आपल्या नावावर एक पैसाही कमावता येत नव्हता. प्रशिक्षक कोट्यवधी डॉलर घेत, मैदाने भरत, आणि पोराला मिळे शिक्षण, खोली आणि जेवण. 2021 पासून जाहिरातींतून कमाईची मुभा झाली, आणि 2025 पासून कॉलेजे थेट पैसेही देऊ लागली.

या पोरांत काळी पोरे फार मोठ्या संख्येने आहेत. म्हणून आपल्या वाचकांनी एक जुनी गोष्ट लक्षात घ्यावी. दक्षिणेतल्या अलाबामा विद्यापीठाने काळ्या खेळाडूला पहिली फुटबॉल शिष्यवृत्ती दिली ती 1970 साली, विल्बर जॅक्सन यांना. त्याच्या आधी तेथले गोरे चाहते कोण कोठे जाणार याच्या गप्पा मारतच होते. फक्त त्या गप्पांत काळ्या पोराचे नाव येण्याची सोय नव्हती. काळी पोरे जात ती काळ्यांसाठीच्या कॉलेजांत. मिसिसिपी राज्यातले जॅक्सन स्टेट हे त्यांपैकी एक, 1877 साली स्थापन झालेले. वॉल्टर पेटनसारखा नामांकित खेळाडू 1970 च्या दशकात तेथूनच निघाला. दरवाजे उघडले तसे मोठी गोरी कॉलेजे काळी पोरे निवडून नेऊ लागली आणि या जुन्या कॉलेजांच्या वाट्याला उरलेले येऊ लागले.

म्हणूनच 15 डिसेंबर 2021 चा दिवस अमेरिकेत गाजला. ट्रॅव्हिस हंटर हा देशातला पहिल्या क्रमांकाचा मानलेला पोरगा. फ्लोरिडा स्टेट या मोठ्या विद्यापीठाला त्याने बराच काळ आधी शब्द दिलेला होता. भाकीतवाले निश्चिंत होते. ऐन वेळी त्याने जॅक्सन स्टेटचे नाव घेतले. तेथे प्रशिक्षक होते डिऑन सँडर्स, स्वतः एके काळचे थोर खेळाडू. इतक्या वरच्या क्रमांकाचा पोरगा काळ्यांच्या कॉलेजात जातो हे कोणाच्याच हिशेबात नव्हते. जॅक्सन शहरात लोकांना आभाळ ठेंगणे झाले. पण एकच हंगाम गेला, आणि 2022 च्या डिसेंबरात सँडर्स कोलोरॅडो विद्यापीठात मोठ्या पगारावर निघून गेले. पाठोपाठ हंटरही गेला. 2024 साली त्याला कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मोठा, हाईझमन किताब मिळाला, तो कोलोरॅडोकडून. त्याचे भले झाले. जॅक्सनच्या लोकांनी काय करावे? टोपी तर त्याने त्यांचीच उचलली होती.

जाता जाता एक सांगतो. बाबासाहेब 1913 साली ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले त्याचाही फुटबॉल संघ आहे. पण कोलंबिया ज्या आठ विद्यापीठांच्या गटात आहे ती खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. मदत द्यायची ती घरची परिस्थिती पाहून. मैदानावर ती आठ आता दुबळी गणली जातात, आणि त्यांना त्याचे फारसे वाईट वाटत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही ही चर्चा जुनी आहे. मुंबईच्या गिरणगावात कबड्डीचे सामने चाळीच्या गच्च्यांवरून पाहणाऱ्या पिढीला विचारा. त्या काळी चांगल्या खेळाडूपुढे प्रश्न पैशाचा नसे, नोकरीचा असे. रेल्वे, बँका, एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम यांचे संघ होते. एखादा पोरगा स्थानिक मंडळातून चमकला की गल्लीत पैजा लागत, हा रेल्वेत लागणार की बँकेत? लागला की घर उभे राही. पाठच्या भावंडांचे शिक्षण होई, बहिणीचे लग्न होई. चाहत्यांचा तर्क आणि घरच्यांची काळजी तेव्हा एकाच ठिकाणी येत होती, हे त्या काळाचे बरे होते. पुढे ते संघही पातळ झाले. देना बँक 2019 साली दुसऱ्या बँकेत विलीन झाली, एअर इंडिया 2022 साली खाजगी झाली. खेळाडूंची पक्की भरती कमी झाली.

मग 2014 साली प्रो कबड्डी आली. पहिल्या लिलावात सर्वांत महाग गेला राकेश कुमार, 12 लाख 80 हजारांना. तेव्हा एवढ्यानेच लोकांनी तोंडात बोटे घातली. 2018 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला यू मुंबाने 36 लाख 40 हजारांना घेतले. एका हंगामानंतर, 2019 साली, तेलुगू टायटन्सने त्यालाच 1 कोटी 45 लाख मोजले. 2023 साली पवन सेहरावतची बोली 2 कोटी 60 लाख 50 हजारांवर गेली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार नव्या तरुण खेळाडूंच्या वाटेने पुणेरी पलटणमध्ये आला, 2023 साली आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला आणि 2024 च्या मार्चमध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पुण्याने पहिल्यांदा किताब जिंकला. लिलावाच्या आधीचे आठ दिवस आमच्याकडच्या पानठेल्यांवर काय चालते ते सांगायला नको.

पण लिलावात आणि आंबागडच्या पोराच्या प्रश्नात फरक आहे. लिलावात खेळाडू निवडत नाही. ज्याची बोली मोठी त्याच्याकडे तो जातो. आपल्या पोराला निवडायचे आहे. आणि लिलावापर्यंत पोचतात किती? बारा संघ, प्रत्येकात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. म्हणजे साऱ्या देशातून, परदेशी धरून, तीनशे. कबड्डी खेळणारी गावे मोजायला बसलो तर एकट्या विदर्भातच तीनशेच्या वर भरतील. ठेल्यावर हा हिशेब कोणी मांडत नाही, कारण तो मांडला की गप्पांची मजा जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोराच्या घरी गेलो. बाप तुमसरला राइस मिलमध्ये हमाली करतात. माय रोवण्याला, कापणीला जाते. काम नसले की घरी विड्या वळते. घर कवेलूचे, समोर सारवलेले अंगण, आत भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर आणि तिच्याखाली खिळ्याला टांगलेली पदके. चहा आला. बापाने एका प्लास्टिकच्या थैलीतून कागद काढले.

"तिघे येऊन गेले साहेब," ते म्हणाले. "गावात पाच सांगतात. तिघेच."

एक कॉलेज नागपूरचे. त्यांचा निरोप असा, आमच्याकडून विद्यापीठ खेळ, फी माफ, राहायची सोय करू. दुसरा एक क्लब, पश्चिम महाराष्ट्रातला. राहणे-खाणे आमचे, रोज दोन वेळ सराव, शिक्षणाचे नंतर पाहू. तिसरे भंडाऱ्याजवळचे कॉलेज, घरून जाऊन-येऊन करता येईल असे. त्यांनीही फी माफ म्हटले होते. यांपैकी एकाही गोष्टीचा कागद त्या थैलीत नव्हता. सारे तोंडी.

"फी माफ म्हणतात ते बरेच नाही का?" मायने विचारले.

येथे आम्हाला थोडे कडक बोलावे लागले. ताई, म्हटले, तुमचे उत्पन्न किती? अडीच लाखांच्या आत? मग तुमच्या पोराची फी कोणी माफ करण्याचा प्रश्नच येत नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना आहेच. शिकवणीची फी, परीक्षेची फी त्यातून भरली जाते, वर निर्वाहभत्ता असतो. ही शिष्यवृत्ती 1944 पासूनची आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हापासूनची. पोराने चढाई केली नाही, एकही गडी बाद केला नाही, तरी ती त्याची आहे. कॉलेज तुमचेच तुम्हाला देत आहे आणि वर पोराने त्याबद्दल तीन वर्षे खेळावे म्हणते.

बाप बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे कोणी सांगितले नाही."

राहण्याचेही तसेच. समाजकल्याणची शासकीय वसतिगृहे आहेत. त्यांत जागा मिळाली नाही तर 2016-17 पासूनची स्वाधार योजना आहे, भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची. सुरुवातीलाच नागपूरसारख्या शहरासाठी तिची रक्कम वर्षाला 60 हजार ठरली: भोजनाचे 32 हजार, निवासाचे 20 हजार, निर्वाहाचे 8 हजार. तिला गुणांची अट आहे, म्हणजे बारावीचा अभ्यास सोडून फेब्रुवारीत तीन गावांचे सामने खेळत हिंडणाऱ्या पोराला ती मिळेलच असे नाही. पोराने मान खाली घातली. आदल्याच आठवड्यात तो कोणा दुसऱ्या गावाच्या संघाकडून रोजीवर खेळून आला होता. पाचशे रुपये आणि मटणाचे जेवण.

रोजीवर खेळल्याबद्दल आम्ही त्याला रागावलो नाही. पाचशे रुपये म्हणजे त्या घरात पाचशे रुपये. पण अशा सामन्यांचा कप आणि प्रमाणपत्र पुढे नोकरीला उपयोगी पडत नाही, हे सांगितले. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, 2005 च्या शासन निर्णयाने. 2016 साली त्याचे नियम सुधारले. त्यासाठी शासनाने मान्य केलेल्या स्पर्धांतली कामगिरी लागते, पदाच्या दर्जाप्रमाणे वरची-खालची. प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून होते, आणि खोट्या प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणे उघडकीस आल्यापासून ती बारकाईने होते. म्हणून कॉलेजला विचारायचे ते फीचे नाही. विचारायचे असे: तुमचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धेत दर वर्षी उतरतो का? तुमच्या किती पोरांना विद्यापीठाचा कलर मिळाला? त्यांतली पदवी घेऊन बाहेर किती पडली? प्रशिक्षक कायम नोकरीत आहेत की तासिकेवर? ते गेले तर? आणि गुडघा गेला तर?

या शेवटच्या प्रश्नावर पोरगा पहिल्यांदा बोलला. त्याच्या ओळखीचा एक खेळाडू आहे, दोन वर्षे मोठा. गुडघ्याचे लिगामेंट तुटले. ज्या क्लबाकडून खेळत होता त्यांनी पहिला एमआरआय काढून दिला आणि नंतर फोन घेणे बंद केले. शस्त्रक्रियेसाठी घरच्यांनी कर्ज काढले. आता तो मँगनीजच्या खाणीकडे कंत्राटदाराच्या ट्रकवर जातो. "लई भारी खेळत होता," पोरगा म्हणाला. "माझ्यापेक्षा भारी." कोणता क्लब, ते आम्ही विचारले नाही.

अमेरिकेतल्या पोरांच्या हातात निदान सहीचा कागद असतो, हे आम्ही त्याला सांगितले. टोप्यांची गोष्टही सांगितली. त्याला हसू आले. "आपल्याकडे टोप्या नाही चालत, दुपट्टे पाहिजेत," तो म्हणाला.

हे बोलणे चालू असताना एक मुलगी दारात उभी होती. त्याची धाकटी बहीण, अकरावीत. आम्ही तिला पाणी आणणारी, चहा देणारी म्हणूनच पाहिले होते, हे कबूल करतो. तिने एकदम विचारले, "रेल्वेत मुलींची टीम असते ना?"

असते. मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षे भारतीय रेल्वेचाच दबदबा आहे. खेळाडूंच्या कोट्यातून भरती होते, पक्की नोकरी असते. तुमसर रोडवरून जी गाडी रोज जाते त्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेतही खेळाडूंची भरती होते.

"मी डाव्या कोपऱ्यात खेळते," ती म्हणाली.

मग कळले की तीही जिल्ह्याहून विभागावर गेली होती, भावाच्या आदल्या वर्षी. काल संध्याकाळी दीड तास ठेल्यावर बसून आम्ही आंबागडच्या कबड्डीचे भविष्य ऐकले. त्यात एकदाही या मुलीचे नाव निघाले नाही. ती कोठे जाणार याचा तर्क कोणी केला नव्हता, कारण ती कोठे जाईल असे कोणाला वाटलेच नव्हते. आणि आम्हीही विचारले नव्हते.

मुलींची कबड्डी म्हणजे दुय्यम, असे म्हणायला आता जागा राहिलेली नाही. 7 ऑक्टोबर 2023 रोजी चीनमधल्या हांगझोऊ येथे आपल्या मुलींनी चिनी तैपेईला 26-25 असे एका गुणाने हरवून सुवर्ण घेतले, आणि त्या आशियाई स्पर्धेतले भारताचे ते शंभरावे पदक ठरले. त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. पण लिलाव पाहायचा तर मुलांचा. मुलींसाठी 2016 साली तीन संघांची एक स्पर्धा त्याच मंडळींनी भरवून पाहिली, ती एका हंगामापुरतीच झाली. त्यामुळे मुलीसाठी नोकरी हाच रस्ता, आणि नोकरीसाठी प्रमाणपत्रे. ठेल्यावर तिच्याबद्दल बोलणारे कोणी नाही याचा एक फायदाही आहे म्हणा. तिला पाचशे रुपये देऊन दुसऱ्या गावाकडून कोणी खेळवत नाही.

माय हळूच म्हणाली, "दोघांले एकदम बाहेर पाठवणे जमेल का साहेब? पोरगी म्हणजे..." आणि थांबली. आम्ही म्हटले, ताई, शिष्यवृत्ती दोघांचीही आहे, वसतिगृह मुलींचेही आहे, आणि स्वाधारच्या अर्जात मुलगा की मुलगी हे पाहून रक्कम बदलत नाही. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. विड्यांचे सूप पुढे ओढून तिने पुन्हा पान कापायला घेतले.

"तुझी प्रमाणपत्रे कोठे आहेत?" आम्ही मुलीला विचारले. थैलीत ती नव्हती. थैली भावाची होती. ती आत गेली, पेटीचे झाकण वाजले, आणि एका जुन्या वहीत ठेवलेले तीन कागद घेऊन आली. दोन जिल्ह्याचे, एक विभागाचे. कागद जपलेले होते, पण विभागाच्या कागदावर बापाचे नाव चुकीचे पडले होते. शेवटचे अक्षर गेलेले. शाळेच्या दाखल्यावर एक आणि प्रमाणपत्रावर दुसरे, अशी तफावत पडताळणीच्या वेळी नडते. चार-पाच वर्षांनी ती दुरुस्त करायला जावे तर मुख्याध्यापक बदललेले असतात आणि शाळेतले रजिस्टर सापडत नाही.

बापाने तो कागद उजेडात धरून दोनदा वाचला. आपले चुकलेले नाव बोटाने दाबून पाहिले. मग म्हणाले, सोमवारी मिलला खाडा करतो, आधी हिच्या शाळेत जातो आणि तेथून भंडाऱ्याला क्रीडा अधिकाऱ्यांकडे. पोरगा म्हणाला, "मी नेतो तिला, बाबा. तुम्ही कामावर जा. मलेही नागपूरच्या सरांना फोन करून ते गुडघ्याचे विचारायचे हाय, तिकडूनच करतो."

आम्ही निघालो तेव्हा ठेला उघडला होता. मिस्त्री सायकल टेकवून उभे होते. आम्हाला त्या घराकडून येताना पाहून त्यांनी आवाज खाली केला. "काय म्हणते मग? नागपूरच ना?"

सोमवारी भंडाऱ्याला जात आहेत, आम्ही म्हटले. दोघेही.

"पाहा!" मागून शिक्षक ओरडले. "मी म्हणत नव्हतो, भंडाराच!"

मिस्त्रींनी पानाचे पैसे ठेवले आणि ते पटले नाही अशा चेहऱ्याने विचारू लागले, "पण दोघे म्हणजे? दुसरा कोण?"